मनाने गोरी

कवंदी

नमस्कार मंडळी. चार वर्षं या फोरमवर नुसती वाचते आहे, मुख्यतः पाककृती आणि भुताचे धागे, तेही नाइट ड्युटीला. लिहायची पहिलीच वेळ. शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या. खानापूरची मराठी आहे, त्यात घरची सिद्दी कोकणी आणि बाजारातलं कन्नड मिसळलंय.

मी सिद्दी आहे. वय सत्तावीस, पुण्यात एका हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स. सिद्दी म्हटलं की लोकांना जंजिरा आठवतो. आम्ही ते नव्हे. आमच्याकडच्या बहुतेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून जहाजात घालून गोव्यात आणलं आणि विकलं. जे पळाले ते घाट चढून रानात शिरले. म्हणून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, कलघटगी, खानापूर अशी आमची गावं. कर्नाटकात सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास असू. कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, कुणी हिंदू. आम्ही ख्रिस्ती. केस तिघांचेही सारखेच, कंगवा मोडणारे.

पुण्यात आले २०१८ ला. आदल्याच वर्षी ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये शिरून मारलं होतं, ते व्हिडिओ आईने पाहिले होते. तिने माझ्या आधार कार्डाला प्लास्टिक मारून आणलं आणि सांगितलं, आंघोळीला जातानाही जवळ ठेव. खोली शोधताना फोनवर माझी मराठी ऐकून "या की ताई, आजच या" म्हणणारे दारात बघितलं की "आम्ही फॉरेनर्सना देत नाही" म्हणायचे. एका काकूंनी आधार उलटसुलट करून बघितलं आणि अगदी कुतूहलाने विचारलं, "हे कुठे बनवून मिळतं?" रिक्षावाले हातवारे करून बोलतात. मी "दादा, सिग्नलला डावीकडे घ्या" म्हटलं की मान वळते आणि रिक्षाही वळते, बहुतेक वेळा उजवीकडे.

हे सगळं सवयीचं झालं. रडगाणं म्हणून सांगत नाही.

एक गोष्ट मात्र कामातली सांगते, कारण ती नर्सशिवाय कुणी सांगणार नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवतात की ऑक्सिजन कमी झाला की पेशंटचे ओठ निळे पडतात. पुस्तकातला फोटो गोऱ्या माणसाचा. २०२१ च्या लाटेत मी घरी होते आणि बाबांना ताप आला. बोटाला लावायचं यंत्र ९४ दाखवत होतं. सगळे म्हणाले, ९४ म्हणजे ठीक. पण बाबांना "पाणी दे" एवढं एका दमात म्हणता येत नव्हतं. मी यंत्र काढून ठेवलं, घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला चौतीस. ओठ खाली ओढून आतली बाजू बघितली, चुलीतल्या राखेसारखी. गाडी मागवली, बेळगावला नेलं, वाचले. नंतर कळलं की अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरातच यावर अभ्यास छापून आला होता. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात खरा ऑक्सिजन ८८ च्याही खाली, असं काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं आणि गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. यंत्र कातडीतून प्रकाश सोडून मोजतं, आणि गडद कातडीत ते फसू शकतं. म्हणजे त्या यंत्राच्या मनात काही वाईट नव्हतं. ते फक्त आमच्यावर तपासून बघायचं राहिलं होतं.

हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढची गोष्टही मनात वाईट नसलेल्यांचीच आहे.

तो आमच्याच हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन, साताऱ्याकडचा. पहिल्या दिवशी मला "कुठल्या देशाच्या?" न विचारता "कुठल्या शिफ्टला?" असं विचारलं. एवढ्यावर प्रेमात पडले म्हटलं तर हसाल, पण पुण्यात आल्यावर तसं विचारणारा तो पहिला होता. दोन वर्षं झाली. मागच्या दिवाळीत घरी घेऊन गेला. त्याच्या आईने आपुलकीने केलं सगळं. पाटावर बसवलं, तेल-उटणं दिलं, फराळाचं ताट भरून दिलं. मी बाहेरच्या खोलीत, ते दोघं आत. आवाज येत होता.

त्या म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे रे. पण मुलं कशी होतील?"

तो म्हणाला, "आई, असं नको बोलू. ती मनाने गोरी आहे."

माझ्या तोंडात चकली होती. चावली तर आवाज होईल म्हणून तशीच धरून बसले, ती विरघळेपर्यंत.

तो माझ्याच बाजूने बोलत होता. आईला उलट उत्तर द्यायची त्याची ती पहिलीच वेळ असावी. आणि माझ्यासाठी त्याला सापडलेला सगळ्यात चांगला शब्द तो होता. परतीच्या एसटीत मी विचारलं, "मनानेही काळी असते तर?" तो म्हणाला, "शब्दाला काय धरून बसतेस, भावना बघ."

चार महिने झाले, आम्ही कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवतो. मी खरंच शब्दाला धरून बसले आहे का? इथे वयाने मोठी, लग्न केलेली, मोडलेली, सगळी माणसं आहेत. सांगा.

सुगरणकाकू

पोरी, आधी तुझ्या बाबांचं वाचून बरं वाटलं.

माझा साधा हिशेब. मला बघायला आले तेव्हा सासरचे म्हणाले होते, "सावळी आहे पण नाकीडोळी नीटस." पस्तीस वर्षं संसार झाला. माणूस सोन्यासारखा निघाला. पण तो "पण" अजून कानात आहे बघ. हळदीच्या दिवशी नणंदेने दोनदा जास्त हळद लावली, "थोडी उजळेल" म्हणून. मी हसले होते. फोटोत हसतानाच दिसते आहे.

तरी सांगते, मुलगा सोडू नकोस. शिकवता येतात मुलगे. वेळ लागतो.

खडूस आजोबा

लेख आवडला. पण आपल्या इतिहासाकडे पाठ का फिरवता? मलिक अंबर कोण होता? १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. तो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मुघलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. त्याची नहर शेकडो वर्षं शहराला पाणी पाजत होती. जमीन महसुलाची घडी बसवली. १६२६ ला गेला, कबर खुलताबादेत आहे. ज्यांच्यात असा पुरुष झाला त्यांनी कुणाच्या आईच्या दोन शब्दांनी खचायचं?

पेठेतला

मुलीबद्दल सहानुभूती आहे. पण दुसरी बाजूही बघा. आमच्या सोसायटीत परदेशी विद्यार्थी भाड्याने राहायचे, रात्रभर गाणी. लोक घाबरतात ते उगाच नाही.

आणि एक प्रश्न, राग मानू नका. ज्यांनी तुमच्या पूर्वजांना विकलं, त्यांचाच धर्म तुम्ही अजून पाळता. मग स्वाभिमानाचं बोलताना हे खटकत नाही?

कवंदी

सगळ्यांचे आभार. ड्युटी संपवून लिहिते आहे.

काकू, तुमची हळद वाचून मी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.

आजोबा, मलिक अंबर मला पाठ आहे. सहावीत गुरुजींनी त्याचा धडा शिकवताना मला उभं केलं होतं, "हिच्यातला." वर्ग वळून बघत होता. मला तेव्हा बसायचं होतं फक्त. नंतर खुलताबादलाही जाऊन आले, कबर छान आहे, शांत आहे. पण तुमच्या घरातली कुणी भाचीपुतणी रडत आली तर तुम्ही तिला पहिला बाजीराव सांगता का? आमच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात चाकरी केली, नहर काही बांधली नाही. त्यांच्या नातीला मान मिळायला मध्ये एक सेनापती का लागावा?

पेठेतले, तुमच्या सोसायटीतल्या गाण्यांचं मला काही माहीत नाही. मी रात्री कामावर असते.

धर्माचं विचारलंत ते बरं केलंत. हा प्रश्न मला कॉलेजात पडला होता, आणि त्याचं उत्तर माझं नाही, आईचं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवदर्शन होतं, दहा वर्षांनी होतं ते. आईला घेऊन गेले. सकाळी फेरीच्या धक्क्याकडून व्हॉइसरॉयच्या कमानीखालून आलो. आईच्या चपला हातात. तिथून शहरात जाणारा रस्ता म्हणजे जुनी रुआ दिरैता. १६०८ च्या सुमारास पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी गोव्यात होता, त्याने लिहून ठेवलंय की या रस्त्यावर घोड्यांबरोबर माणसांचाही लिलाव चाले. मी हे वाचलेलं होतं. आईला माहीत नव्हतं. ती जपमाळ ओढत चालली होती आणि मला राहवलं नाही, भर गर्दीत सांगून टाकलं, "आई, इथेच विकलं आपल्याला. याच रस्त्यावर. आणि आपण अनवाणी चाललोय."

ती थांबली. मागच्यांचा धक्का लागला तरी हलली नाही. मग म्हणाली, "विकणारे विकून गेले. येसूने कुठे विकलं? त्यालाच तीस नाण्यांना विकलं त्यांनी." आणि परत माळ सुरू.

मला यात सगळं उत्तर मिळालं असं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर आमची मूळ नावं गेली, ती कुणाला आठवत नाहीत, याचा राग येतो. पण आईच्या त्या क्रुसावरचा माणूस मालकांच्या बाजूचा नव्हे, आमच्या बाजूचा आहे. तो त्यांनी आणला असेल, ठेवला आम्ही. शिवाय आमच्याकडे नुसता क्रूस नसतो. हिरियारू असतात, म्हणजे वाडवडील. माझी हिंदू मावशी त्यांचा नारळ मांडते, आम्ही त्यांचं नाव घेऊन जेवण वाढतो. यल्लापूरच्या रानात आमच्या सिद्दीनास देवाचं ठाणं आहे, तिथे तिन्ही धर्मांचे सिद्दी जातात. फादरना माहीत आहे. ते काही बोलत नाहीत, जेवायला येतात.

बिनसाखरेचा चहा

कवंदीताई, आपला विठोबा तर काळाच आहे की! सावळे सुंदर रूप मनोहर. राम सावळा, कृष्ण सावळा. या मातीत काळ्या रंगाचा द्वेष नाहीच, तो इंग्रजांनी आणला.

कवंदी

चहावाले, मी पंढरपूरला गेले आहे, हॉस्पिटलतर्फे वारीत मेडिकल कॅम्पला. सलाईन लावून लावून हात दुखले. पायाला फोड आलेल्या एका माउलींनी माझे हात हातात घेऊन पाया पडायचा प्रयत्न केला, मी मागे सरले. तेव्हा काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

पण तुमचं म्हणणं मला नेहमी ऐकवतात म्हणून सांगते. विठोबाला काळा म्हणताना कुणी "पण" लावत नाही. काकूंना लावला. तेवढाच फरक.

अटलांटाकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी अमेरिकेत बावीस वर्षं आहे. शेजारी एक काळी शिक्षिका राहते, माझ्याहून लहान, कट्टर चर्चवाली. सुरुवातीला मी तिला एकदा कौतुकाने म्हणाले होते की तू बाकीच्यांसारखी नाहीस. तिने हसून विचारलं, "किती जणांना ओळखतेस?" मी मोजायला लागले. ती पहिलीच होती.

२०१५ च्या जूनमध्ये चार्ल्सटनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने प्रार्थनेला बसलेल्या नऊ काळ्या माणसांना गोळ्या घातल्या. त्या नऊ जणांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. दोन दिवसांनी कोर्टात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केली. सगळा देश त्या क्षमेचं गुणगान गात होता, आमचं मराठी मंडळही. मी तिच्याकडे जाऊन म्हटलं, तुमचे लोक किती मोठ्या मनाचे. ती भांडी घासत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "क्षमा ही देवाची आणि आमची गोष्ट आहे. तुम्हाला ती इतकी का आवडते, याचा विचार कर."

दहा वर्षं करते आहे. म्हणून सुगरणकाकूंच्या "शिकवता येतात मुलगे" याला माझा अर्धाच पाठिंबा. शिकवायचं काम दर वेळी हिनेच का करायचं? तो लॅबमध्ये रक्त तपासतो, एवढं तपासू शकेल.

सुगरणकाकू

अटलांटाकर, पटलं. पण मग आमच्यासारख्यांची लग्नं झालीच नसती.

पेठेतला

एक शंका. तुम्हाला अनुसूचित जमातीचं (एसटी) आरक्षण आहे ना? मग अगदीच अन्याय म्हणता येणार नाही.

कवंदी

आहे. कसं आहे ते ऐका. २००३ साली सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतलं ते फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या. माझे मामा हल्याळचे, ते आदिवासी. आम्ही खानापूरला, जिल्हा बेळगाव, म्हणून आम्ही नाही. तेच रान, तेच आजोबा, मध्ये तालुक्याची हद्द. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींची नावं २०२० च्या दुरुस्तीत आली. तोवर माझं नर्सिंग कर्ज काढून झालं होतं, हप्ते अजून चालू आहेत. त्याच वर्षी शांताराम बुदना सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले, आमच्यातले पहिले आमदार. आमच्या गावात त्या दिवशी दमाम, म्हणजे आमचा ढोल, रात्रभर वाजला. तुमच्या सोसायटीत त्रास झाला असता.

खडूस आजोबा

बाजीरावाचं लागलं. माझ्या पुतणीला मी खरंच तेच सांगितलं होतं, ती नापास झाली तेव्हा. उठून गेली होती.

एक विचारतो, कवंदी म्हणजे काय? शब्दकोशात मिळाला नाही.

कवंदी

आजोबा, 🙏

कवंदी म्हणजे आमची गोधडी. जुने लुगडे, झबली, शर्ट, फाटलेलं काहीही. साडी जमिनीवर पसरायची आणि एका कोपऱ्यापासून तुकडे लावत, धावदोरा घालत कडेकडेने आत यायचं, मध्यावर संपवायचं. आराखडा वगैरे नाही. ख्रिस्ती बाया मध्ये क्रूस घालतात, मुसलमान चंद्रकोर, तेवढाच फरक. सगळं झाल्यावर चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचे तुकडे लावायचे, त्यांना फुलं म्हणतात. त्यांचा उपयोग काही नाही. ऊब वाढत नाही, बळकटीही नाही. लहानपणी मी एकदा आजीला म्हटलं, कापड उरलं नाही तर राहू दे की फुलं. तर म्हणाली, फुलांशिवाय दिली तर कवंदी नागडी. आणि स्वतःच्या नेसत्या लुगड्याचा पदर कापला, चार तुकडे, लाल.

ती माझ्या पुण्यातल्या कॉटवर आहे. घरमालकीणबाई मागच्या महिन्यात वर आल्या होत्या, हात फिरवून म्हणाल्या, आफ्रिकन डिझाइन आहे का? मी म्हटलं, हो, खानापूरची.

त्याचा काल मेसेज आला. "मी काय बोललो ते आईला परत जाऊन सांगितलं, की चूक बोललो. तुला दाखवायला नाही सांगितलं, सांगायला उशीर झाला म्हणून सांगतोय." मी अजून उत्तर दिलेलं नाही. काकू, अटलांटाकर, तुम्ही दोघी यावर भांडू नका, मला ठरवू द्या.

सुगरणकाकू

भांडत नाही. पण उत्तर दिलंस की सांग.

रानातली पोर

ताई, मी नवीन आयडी घेतला फक्त तुम्हाला विचारायला. मी पण सिद्दी आहे, हल्याळ तालुका. बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागलाय. हॉस्टेलमध्ये राहायचं आहे. सीनियर म्हणतात युनिफॉर्मला केस चापून बसलेच पाहिजेत, नाहीतर सरळ करून घ्या. सरळ करायला चार हजार सांगतात. आईकडे नाहीत. तुम्ही काय केलं?

कवंदी

अभिनंदन ग! पहिलं, चार हजार कुणाला देऊ नकोस.

रुंद दातांची लाकडी फणी घे, प्लास्टिकची मोडते, तुला माहीतच आहे. रविवारी धुतलेस की ओले असतानाच खोबरेल लाव आणि खालून वर विंचर, वरून खाली कधीच नाही. मग डोक्याला चिकटून, पुढून मागे, आठ वेण्या घाल. एकटीला मागच्या जमत नाहीत, रूममेटला शिकव, पहिल्यांदा ती हसेल, तिसऱ्या रविवारी स्वतःहून येऊन बसेल. झोपताना डोक्याला जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांध, सुती नको, तेल पिऊन टाकतो. अशा वेण्या आठवडाभर टिकतात. सकाळी फक्त मागे गोळा करून जाळी आणि चार यू-पिना. माझा अंबाडा बारा तासांच्या ड्युटीत सुटत नाही, सरळ केसवाल्यांचे तीनदा सुटतात.

ट्यूटरने काही म्हटलं तर नियम दाखवा म्हण, नम्रपणे. आमच्या नियमात केस नीट बांधलेले हवेत एवढंच होतं, सरळ हवेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचायला लावलं होतं.

पुण्याकडे कॉलेज असेल तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. मागच्या वेण्या मी घालून देईन.